अक्षर, आकार आणि अन्वय : भौमितिक भित्तिपत्रकांची एक चिकित्सा

प्रस्तावना

भित्तिपत्रक वाचण्यासाठी असते की पाहण्यासाठी, हा प्रश्न वरवर साधा वाटतो. परंतु विसाव्या शतकातील युरोपीय आलेखन कलेचा एक मोठा कालखंड याच प्रश्नाभोवती फिरलेला दिसतो. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पॅरिसमध्ये ज्यूल शेरे व तुलूझ-लोत्रेक यांनी शिळाछाप तंत्राने जी रंगीत भित्तिपत्रके घडविली, त्यांत चित्राचे व मजकुराचे काम बव्हंशी वाटून दिलेले होते. चित्राने लक्ष वेधून घ्यावे आणि अक्षरांनी माहिती पुरवावी, अशी ही विभागणी होती. पहिल्या महायुद्धानंतर रशिया, जर्मनी व पुढे स्वित्झर्लंड या देशांत या विभागणीलाच आव्हान दिले गेले. मानवी आकृती, निसर्ग, वेलबुट्टी हे सारे बाजूला सारून केवळ अक्षर, वर्तुळ, त्रिकोण, चौकोन व सरळ पट्टी एवढ्याच सामग्रीवर भित्तिपत्रक उभे राहू शकते, असा दावा या काळातील कलावंतांनी केला आणि तो प्रत्यक्ष कृतीतून मांडला.

या परंपरेविषयी एक समज रूढ आहे. भौमितिक आकार हे कोणत्याही एका भाषेचे नसतात. ते सर्वांना सारखेच कळतात. म्हणून त्यांवर आधारलेले आलेखन हे वैश्विक आलेखन होय, असा हा समज आहे. उपयोजित कलेच्या अध्यापनात तो इतका मुरला आहे की, लाल वर्तुळ, काळी तिरपी पट्टी व जाड सेरिफविरहित अक्षरे एकत्र आणली म्हणजे आधुनिक भित्तिपत्रक सिद्ध झाले, असे विद्यार्थ्यास वाटू लागते. या समजाची तपासणी करणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे. भौमितिक आकार भित्तिपत्रकात अर्थपूर्ण ठरतो तो भाषेपासून मुक्त असल्यामुळे नव्हे. तो एखाद्या विशिष्ट भाषेच्या वाक्यात शिरून तेथे एखादे पद भूषवितो, तेव्हाच त्यास अर्थ प्राप्त होतो, असे येथे प्रतिपादन करावयाचे आहे. त्यासाठी एक साधी कसोटी वापरली आहे. भित्तिपत्रकातील आकार मनातल्या मनात वगळून पाहावा. तो वगळल्यावर अर्थ ढासळत असेल, तर तो आकार रचनेचा घटक होय. काहीच बिघडत नसेल, तर तो अलंकार होय, मग तो कितीही काटेकोर भूमितीचा असो. या कसोटीवर प्रथम तीन भित्तिपत्रके तपासून, त्यानंतर देवनागरी लिपीच्या संदर्भात तिचा विचार केला आहे.

पाचर आणि वर्तुळ : आकाराचे कारकत्व

एल लिसित्स्की (१८९०–१९४१) यांचे ‘लाल पाचरीने श्वेतांना झोडा’ हे भित्तिपत्रक या परंपरेतील सर्वांत परिचित उदाहरण होय. त्याचा काळ १९१९ किंवा १९२० असा दिला जातो. रशियात त्या वेळी यादवी युद्ध चालू होते. जर्मनीतील डार्मश्टाट येथे वास्तुशास्त्राचे शिक्षण घेतलेले लिसित्स्की १९१९ मध्ये मार्क शगाल यांच्या निमंत्रणावरून वितेब्स्क येथील कलाशाळेत शिकवू लागले होते. त्याच वर्षी काझिमिर मालेविच तेथे आले. मालेविच यांचा ‘काळा चौकोन’ १९१५ च्या डिसेंबरमध्ये पेत्रोग्राद येथील प्रदर्शनात मांडला गेला होता, आणि वस्तुजगाचा कोणताही संदर्भ नसलेले शुद्ध आकार हेच चित्रकलेचे पुढील रूप, अशी त्यांची भूमिका होती. लिसित्स्की यांनी हे शुद्ध आकार उचलले आणि त्यांना युद्धाच्या प्रचारकार्यास लावले.

भित्तिपत्रकाची रचना थोडक्यात सांगता येण्याजोगी आहे. कागदाचे तिरप्या रेषेने पांढरा व काळा असे दोन भाग पडतात. उजवीकडील काळ्या भागावर एक मोठे पांढरे वर्तुळ आहे. डावीकडून एक अणकुचीदार लाल त्रिकोण येऊन त्या वर्तुळात घुसलेला आहे. भोवती काही लहान तुकडे विखुरले आहेत. रशियन वाक्यातील चार शब्द एका ओळीत न मांडता आकारांच्या आसपास सुटे सुटे ठेवलेले आहेत.

या चार शब्दांचा क्रम ‘पाचरीने – लाल – झोडा – श्वेतांना’ असा आहे. रशियन ही विभक्तिप्रधान भाषा असल्याने शब्दांचा क्रम बदलला तरी अन्वय बिघडत नाही. शब्द सुटे ठेवले तरी ते परस्परांशी जोडलेलेच राहतात. मराठी वाचकास ही गोष्ट समजावून देण्याची फारशी गरज नाही. ‘पाचरीने’ या तृतीयान्त पदातील करणार्थ रशियनमध्येही प्रत्ययानेच व्यक्त होतो. आता चित्राकडे पाहिले असता असे दिसते की, त्रिकोण हे करण आहे, वर्तुळ हे कर्म आहे आणि त्रिकोणाचे टोक जेथे वर्तुळाचा परीघ भेदते तेथे क्रियापद आहे. म्हणजे चित्राने वाक्याचे स्पष्टीकरण केलेले नाही किंवा वाक्याने चित्रास मथळा पुरविलेला नाही. एकच अन्वय दोन्ही साधनांनी एकाच वेळी सिद्ध केलेला आहे. वाक्यात एक पद मात्र उघडपणे आलेले नाही, ते म्हणजे कर्ता. क्रियापद आज्ञार्थी असल्यामुळे कर्ता अध्याहृत आहे आणि तो भित्तिपत्रकासमोर उभा असलेला माणूस आहे. चित्रातही पाचर मारणारा हात दाखविलेला नाही. हा हात दाखविला असता तर पाहणारा केवळ प्रेक्षक उरला असता.

वगळण्याची कसोटी येथे लावल्यास त्रिकोण वा वर्तुळ यांपैकी काहीही काढता येत नाही. परंतु शब्द काढले तर काय होते, हेही पाहिले पाहिजे. शब्दांवाचून उरतो तो पांढऱ्या वर्तुळात शिरलेला लाल त्रिकोण. ते आक्रमण आहे, एवढे कदाचित कळेल. पण कोणी कोणावर केलेले, आणि ते इष्ट की अनिष्ट, हे कळणार नाही. डावीकडील कागदही पांढराच आहे. तरी तो शत्रू ठरत नाही. वर्तुळाचा पांढरा तेवढा शत्रूचा ठरतो, कारण ‘श्वेत’ हे प्रतिक्रांतिकारी सैन्याचे नाव होते आणि ‘लाल’ हे क्रांतिकारी सैन्याचे. रंगांना अर्थ आला तो राजकीय भाषेतून. ‘झोडा’ हे क्रियापददेखील कोरे नव्हते. झारशाहीच्या काळात ज्यूंविरुद्धच्या दंगलींत याच क्रियापदाने सुरू होणारी घोषणा दिली जात असे, हे अभ्यासकांनी निदर्शनास आणले आहे. आणि लिसित्स्की स्वतः ज्यू होते. त्या घोषणेचे कर्मपद बदलून ती उलटविण्यात जो आघात आहे, तो केवळ रशियन ऐकणाऱ्यासच जाणवू शकतो. म्हणून ज्या कृतीचा दाखला भौमितिक आकारांच्या वैश्विकतेसाठी वारंवार दिला जातो, ती कृती प्रत्यक्षात एका भाषेच्या व्याकरणात व एका काळाच्या शब्दसंग्रहात खोल रुतलेली आहे.

तिरपी पट्टी : आकाराचे मुद्रेत रूपांतर

दुसरे उदाहरण योस्ट श्मिट (१८९३–१९४८) यांनी १९२३ च्या बाउहाउस प्रदर्शनासाठी केलेल्या भित्तिपत्रकाचे आहे. वायमार येथील या कलाशाळेस शासकीय अनुदान मिळत होते आणि त्या अनुदानातून काय निष्पन्न झाले ते दाखवावे, असा दबाव थुरिंगिया प्रांताच्या सरकारकडून येत होता. प्रदर्शन भरविण्यामागे हे कारण होते. श्मिट त्या वेळी तेथे विद्यार्थी होते. पुढे १९२५ पासून डेसाऊ येथे ते अक्षरलेखन शिकवू लागले.

लाल व काळ्या रंगांतील वर्तुळे आणि पट्ट्या यांची एक बळकट, कललेली रचना या भित्तिपत्रकात आहे. ओस्कार श्लेमर यांनी १९२२ मध्ये तयार केलेली संस्थेची मुद्रा, म्हणजे काही चौकोनी पट्ट्यांतून साधलेली मानवी मुखाकृती, तिच्यात गुंफलेली आहे. संस्थेचे नाव, गाव व वर्ष सांगणारी ठोकळेबाज अक्षरे पट्ट्यांच्या दिशेने धावतात. अक्षर व पट्टी यांची जाडी, दिशा व वजन यांत इतके साम्य आहे की, अक्षर हाही एक आकारच आहे असे प्रत्ययास येते. ही या कृतीची मोठी सिद्धी आहे.

तथापि वगळण्याच्या कसोटीवर येथे निराळे उत्तर मिळते. रचना सरळ उभी केली असती तर माहितीत काही उणे पडले नसते. प्रदर्शन कोठे व केव्हा आहे, हे सांगण्यासाठी तिरपेपणाची आवश्यकता नाही. लिसित्स्की यांच्या त्रिकोणाचे तिरपेपण हे हल्ल्याचे तिरपेपण होते. श्मिट यांच्या पट्टीचे तिरपेपण हे ‘येथे काही नवे घडत आहे’ असे सांगणारे तिरपेपण आहे. म्हणजे आकार वाक्यातील पद न राहता वाक्याखालची सही झाला. संस्थेला स्वतःचे अस्तित्व सिद्ध करावयाचे होते, त्या परिस्थितीत ही सही निरर्थक मुळीच नव्हती. पण सहीची नक्कल करता येते. वाक्याची तशी करता येत नाही. पुढे जगभर ज्याला ‘बाउहाउस शैली’ म्हणून ओळखले गेले, ती बव्हंशी या सहीची नक्कल आहे.

याच संस्थेत आकारास पुन्हा कामाला जुंपण्याचे प्रयत्नही झाले, हे नमूद करणे न्याय्य ठरेल. हर्बर्ट बायर (१९००–१९८५) यांनी १९२६ मध्ये वासिली कान्डिन्स्की यांच्या साठाव्या वाढदिवसानिमित्त भरलेल्या प्रदर्शनासाठी केलेल्या भित्तिपत्रकातही रचना किंचित कललेली आहे. परंतु तेथील लाल व काळ्या पट्ट्या मजकुराचे विभाग पाडतात, नाव कोणते व तपशील कोणता हे सांगतात आणि डोळ्याला वाचनाचा क्रम घालून देतात. या पट्ट्यांचे मूळही ध्यानात घेण्याजोगे आहे. खिळ्यांच्या छापखान्यात रकाने आखण्यासाठी लागणाऱ्या धातूच्या पट्ट्या प्रत्येक जुळाऱ्याच्या हाताशी असत. विमा कंपनीच्या तक्त्यात वा रेल्वेच्या वेळापत्रकात ज्या पट्ट्या निमूटपणे राबत होत्या, त्याच बायर यांनी मोठ्या करून भिंतीवर आणल्या.

बायर यांचे एकाच वर्णमालेचे स्वप्न मात्र अधिक वादग्रस्त आहे. १९२५ मध्ये त्यांनी वर्तुळखंड व सरळ रेषा एवढ्यांवरच बेतलेली ‘वैश्विक’ वर्णमाला आखली आणि तिच्यातून मोठी लिपी पूर्णतः वगळली. बोलताना आपण मोठी व लहान अक्षरे उच्चारीत नाही, मग लिहिताना दोन संच कशाला, असा यामागील तर्क होता. जर्मन भाषेत प्रत्येक नामाचे आद्याक्षर मोठे असते. तेथे हा तर्क क्रांतिकारक होता. परंतु ज्या लिपींत मोठ्या व लहान अक्षरांचा भेदच नाही, त्या लिपींच्या दृष्टीने ही ‘वैश्विक’ सुधारणा मुळात एका घरचा तंटा होती. सुधारणा वैश्विक म्हणून घोषित करणाऱ्यांच्या नजरेसमोर जगातील किती लिपी होत्या, हा प्रश्न येथे अपरिहार्यपणे उपस्थित होतो.

कंस आणि ताल : आकाराचा अनुभव

तिसरे भित्तिपत्रक १९५५ चे आहे. योझेफ म्युलर-ब्रॉकमान (१९१४–१९९६) यांनी झुरिक येथील टोनहाले संगीतसभागृहाच्या बेथोव्हेन कार्यक्रमासाठी ते केले. पांढऱ्या पार्श्वभूमीवर समान केंद्राभोवती फिरणारे काळे कंस, एवढीच त्याची आकृती आहे. कंसांची जाडी केंद्राकडून बाहेर जाताना दुपटीच्या नियमाने वाढत जाते. अक्षरे लहान, सेरिफविरहित व संयत असून ती आकृतीने मोकळ्या ठेवलेल्या जागेत बसविलेली आहेत. स्विस भित्तिपत्रकाच्या ९०.५ × १२८ सेंटीमीटर या रूढ आकाराच्या कागदावर हे कंस पाहणाऱ्यास जवळजवळ वेढून टाकतात.

येथे आकार करण वा कर्म नाही. तो संस्थेची सहीही नाही. दुपटीने वाढणारी जाडी आणि त्यांमधील अवकाश यांतून जो क्रम निर्माण होतो, तो संगीतातील काळाच्या विभागणीशी नाते सांगतो. भारतीय श्रोत्यास ठाय, दुगुन व चौगुन या लयींची आठवण होणे स्वाभाविक आहे. मात्र तेथे वेग दुप्पट होतो आणि येथे विस्तार. वाद्य वा वादकाचे चित्र न काढता संगीताची रचनातत्त्वे डोळ्यास जाणवावीत, ही म्युलर-ब्रॉकमान यांची भूमिका होती आणि ती येथे फलद्रूप झाली आहे. कंस वगळले तर उरतो तो निव्वळ कार्यक्रमाचा तपशील.

या कृतीवर एक आक्षेप मात्र घेता येतो आणि तो टाळून पुढे जाणे योग्य होणार नाही. हेच कंस बाखच्या वा ब्राम्सच्या कार्यक्रमासाठी चालले नसते काय? आकृतीत संगीत आहे. बेथोव्हेनच आहे असे कशावरून? या आक्षेपाचे उत्तर आकृतीत मिळत नाही; ते अक्षरांत मिळते. लहान अक्षरांतील एक नाव वाचले जाते आणि त्या क्षणी कंसांचा वाढता विस्तार त्या नावाशी निगडित नाद घेऊन येतो. ज्याने बेथोव्हेन कधी ऐकला नाही त्याला तो येणार नाही. म्हणजे शुद्ध भूमितीच्या या परमोच्च उदाहरणातही अर्थाचे कुलूप उघडते ते एका शब्दाने, आणि अक्षरे लहान ठेवण्यात दुय्यमत्व नसून आत्मविश्वास आहे.

नियमाचा दुराग्रह : चिखोल्ट यांची माघार

आकार व अक्षर यांच्या या संबंधास नियमबद्ध करण्याचे श्रेय यान चिखोल्ट (१९०२–१९७४) यांना दिले जाते. १९२३ चे वायमार येथील प्रदर्शन पाहून प्रभावित झालेल्या या लाइपझिगच्या तरुणाने १९२५ मध्ये एका मुद्रणविषयक नियतकालिकाचा विशेषांक संपादित करून आणि १९२८ मध्ये ‘नवी मुद्राक्षररचना’ हा ग्रंथ प्रसिद्ध करून असममित मांडणी, सेरिफविरहित अक्षर व मोकळा अवकाश यांचा पुरस्कार केला. मध्यवर्ती अक्षाभोवतीची सममित मांडणी ही आशयाचा विचार न करता आधीच ठरविलेली असते, म्हणून ती त्याज्य, असे त्यांचे म्हणणे होते. १९३३ मध्ये नाझी राजवटीने त्यांना अटक केली आणि सुटकेनंतर ते स्वित्झर्लंडमध्ये स्थायिक झाले. बाझेल येथे १९३७ मध्ये भरलेल्या रचनावाद्यांच्या प्रदर्शनासाठी त्यांनी केलेले भित्तिपत्रक अत्यंत मितभाषी आहे : एक मोठे वर्तुळ, एक रेषा आणि लहान अक्षरांतील नावे.

त्याच चिखोल्ट यांनी पुढे आपल्या तारुण्यातील नियमांचा त्याग केला. १९४६ मध्ये कलावंत माक्स बिल यांनी त्यांच्यावर प्रतिगामीपणाचा जाहीर आरोप केला. त्यास चिखोल्ट यांनी त्याच वर्षी सविस्तर उत्तर दिले. नव्या मुद्राक्षररचनेतील निरपवाद नियमांचा आग्रह आणि आपण ज्या राजवटीच्या छळातून निसटलो तिची शिस्तीची हाव यांत आपणास साम्य दिसते, अशा आशयाचे त्यांचे प्रतिपादन होते. ही तुलना अतिशयोक्त आहे, असे म्हणता येईल. बाउहाउस त्याच राजवटीच्या दडपणामुळे १९३३ मध्ये बंद पडले, ही वस्तुस्थिती त्या तुलनेविरुद्ध जाते. तरीही वादाचा गाभा आजही जिवंत आहे. असममित मांडणीही आशयाचा विचार न करता आधीच ठरविली जाऊ शकते. आणि तसे झाले की तिने ज्या सममितीला पदच्युत केले, तिचेच दोष तिच्यात उतरतात. नियम म्हणून वापरलेली भूमिती हा अलंकारच होय, हे चिखोल्ट यांच्या माघारीतून हाती लागणारे तात्पर्य आहे.

देवनागरीत आकार तटस्थ राहतो काय?

येथवरच्या विवेचनाचा महाराष्ट्रातील भित्तिपत्रकाशी थेट संबंध आहे. उपयोजित कलेच्या अभ्यासक्रमात बाउहाउस व स्विस परंपरा शिकविल्या जातात आणि विद्यार्थी त्या मराठी मजकुरास लावू पाहतात. रोमन अक्षराच्या जागी देवनागरी अक्षर बसविले की काम भागले, असे यात गृहीत धरलेले असते. हे गृहीतक लिपीच्या पातळीवरच टिकत नाही.

रोमन लिपीत अक्षरे सुटी असतात. शब्दाच्या वर वर्तुळ ठेवले, बाजूस उभी पट्टी ठेवली, तरी सहसा शब्दाचे वाचन बदलत नाही. देवनागरीत वर्तुळ, उभी रेषा व तिरपी रेषा ही आधीपासूनच लिपीची चिन्हे आहेत. ‘रग’ या शब्दातील पहिल्या अक्षरावर एक भरीव वर्तुळ आले की ‘रंग’ वाचले जाते. ‘कळ’ या शब्दाच्या मधोमध एक उभी पट्टी आली की ‘काळ’ होतो. ‘दव’ याच्या शिरोरेषेवर एक तिरपी रेषा टेकली की ‘देव’ प्रकट होतो. अनुस्वार, काना व मात्रा ही भूमितीची मूलद्रव्येच आहेत. म्हणून देवनागरी शीर्षकाजवळ ठेवलेला कोणताही भौमितिक आकार निव्वळ आकार राहत नाही. तो शुद्धलेखनात ढवळाढवळ करू लागतो.

शिरोरेषेचा प्रश्न याहून बिकट आहे. भौमितिक रचनेकडे कल असलेल्या आलेखनकारास शिरोरेषा ही आयती आडवी पट्टी वाटते आणि सर्व अक्षरांवरून एकच जाड पट्टी ओढण्याचा मोह होतो. परंतु ‘ध’ व ‘घ’, ‘भ’ व ‘म’ या जोड्यांतील भेद शिरोरेषेच्या खंडावर मोठ्या प्रमाणात अवलंबून आहे. अक्षरांतील गाठी व वळणे भूमितीच्या आग्रहाने काढून टाकली आणि वर सलग पट्टी ओढली, तर ‘धन’ व ‘घन’ किंवा ‘भाग’ व ‘माग’ यांत भेद उरत नाही. उलटपक्षी, रोमन शीर्षकाप्रमाणे अक्षरे दूर दूर मांडली तर शिरोरेषा तुटते आणि शब्द विस्कटतो. त्याशिवाय शिरोरेषेच्या वर वेलांटी, मात्रा व रफार आणि खाली उकार अशा तीन स्तरांवर देवनागरी ओळ उभी असते. रोमन ओळीसाठी आखलेल्या जाळीत ती कोंबली की वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या मात्रेवर आदळतो.

देवनागरी मुद्राक्षराच्या या वैशिष्ट्यांचा विचार मराठीत नवा नाही. बापूराव नाईक यांचा देवनागरी मुद्राक्षरांवरील बृहद्ग्रंथ १९७१ मध्ये महाराष्ट्र शासनाच्या भाषा संचालनालयाने प्रकाशित केला. र. कृ. जोशी (१९३६–२००८) यांनी अक्षर हे दृश्य व नाद या दोन्ही अंगांनी हाताळले आणि संगणकासाठी देवनागरी अक्षरसंचही घडविले. इंडियन टाइप फाउंड्रीने २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ‘पॉपिन्स’ या अक्षरसंचात रोमन व देवनागरी या दोहोंना वर्तुळाधारित, एकसारख्या जाडीचे रूप देण्यात आले. बोरूच्या तिरप्या छाटाने येणारा जाड-बारीकपणा बाजूला ठेवूनही देवनागरी वाचनीय राहू शकते, हे यातून सिद्ध झाले. तथापि भौमितिक अक्षरसंच उपलब्ध होणे ही सामग्रीची सोय आहे. भित्तिपत्रकाचा अन्वय तो पुरवू शकत नाही.

या दृष्टीने कमल शेडगे (१९३५–२०२०) यांचे काम विशेष लक्षणीय ठरते. मराठी रंगभूमीवरील शेकडो नाटकांची शीर्षके त्यांनी अक्षरांकित केली आणि वृत्तपत्रातील जाहिरातींत व नाट्यगृहाबाहेरील फलकांवर ती लोकांनी पाहिली. त्यांना भौमितिक परंपरेचे अनुयायी म्हणता येणार नाही. त्यांची रेषा अनेकदा हाताच्या गतीची आहे. परंतु नाटकाच्या प्रकृतीनुसार अक्षराचे वळण, काना वा वेलांटी यांना अर्थाचा भार वाहावयास लावणे, हे त्यांच्या कामाचे सूत्र आहे. चिन्ह लिपीचे राहते आणि त्याच वेळी चित्राचेही होते. लिसित्स्की यांनी रशियन वाक्याच्या बाबतीत जे साधले, त्याचे मराठीतील नाते लाल-काळ्या पट्ट्यांच्या अनुकरणापेक्षा या कामाशी अधिक जवळचे आहे, असे म्हटल्यास ते वावगे ठरू नये.

देवनागरीत आकार तटस्थ राहत नाही, ही अडचण आहे तशीच ती संधीही आहे. रोमन लिपीतील आलेखनकारास शब्द व आकार यांचा सांधा मुद्दाम जुळवावा लागतो. देवनागरीत तो सांधा लिपीतच आहे. ‘रग’ आणि ‘रंग’ यांमधील वर्तुळ लाल केले आणि मोठे केले, तर ते वर्तुळ एकाच वेळी उच्चारले जाते आणि पाहिलेही जाते. ते वगळले तर शब्दच बदलतो. वगळण्याच्या कसोटीवर याहून खणखणीत उतरणारा आकार शोधूनही सापडणार नाही. मात्र त्यासाठी आलेखनकारास भूमितीइतकेच शुद्धलेखन पक्के ठाऊक असावे लागते.

निष्कर्ष

वरील विवेचनातून काही निष्कर्ष काढता येतात. पहिला असा की, अक्षर व भौमितिक आकार यांवर उभ्या असलेल्या भित्तिपत्रकांत आकाराची किमान तीन निरनिराळी कार्ये दिसतात : लिसित्स्की यांच्याकडे तो वाक्यातील कारक आहे, श्मिट यांच्याकडे मुद्रा आहे आणि म्युलर-ब्रॉकमान यांच्याकडे लय आहे. या तिन्हींना एकाच ‘शैली’च्या नावाखाली एकत्र करणे समीक्षेच्या दृष्टीने सदोष आहे. दुसरा असा की, तिन्ही ठिकाणी आकाराचा अर्थ अखेरीस एखाद्या भाषेवर, नावावर वा प्रसंगावर अवलंबून आहे. भूमितीच्या वैश्विकतेचा दावा त्या कृतींनीच खोडून काढला आहे. तिसरा, आणि मराठी अध्यापनाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा, असा की, या परंपरेतून उचलण्याजोगी गोष्ट म्हणजे तिने आकाराकडून मागितलेले काम. तिचे रंग, तिरपेपणा व अक्षरसंच उचलून ते काम होत नाही.

अभ्यासक्रमात देवनागरी अक्षरलेखन व भौमितिक रचना हे विषय बहुधा वेगवेगळे हाताळले जातात. पहिल्यात वळण शिकविले जाते, दुसऱ्यात तोल. मराठी भित्तिपत्रकाची निकड या दोहोंच्या सांध्यावर आहे. विद्यार्थ्याने शीर्षकाजवळ वर्तुळ ठेवले असेल, तर ते तेथे कसे दिसते याआधी ते तेथे कसे वाचले जाते, हा प्रश्न त्याला विचारला गेला पाहिजे.